कॅन्सल चेक म्हणजे काय, हे कुणी सांगितलंच नाही

मागच्या अंकात मी विचारलं होतं की शाळा-कॉलेज सगळं झालं पण अमुक एक गोष्ट कुणी शिकवलीच नाही असं तुम्हाला कधी वाटलं का, वाटलं असेल तर कळवा. पत्रं एवढी येतील असं वाटलं नव्हतं. सातारा, कराड, कोरेगाव, मिरज, तासगाव, शिराळा, आणि पुण्याला नोकरीला गेलेली आपलीच पोरं. सगळी छापायला जागा नाही म्हणून पाच घेतलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: बाई नमस्कार. मी कराड तालुक्यातली, दहावीला ९४ टक्के, मग इंजिनिअरिंग, आणि आता पुण्यात पहिली नोकरी लागलीय. जॉइन होताना कॅन्सल चेक मागितला, मला वाटलं बँकेत जाऊन चेक रद्द करून आणायचा असतो, म्हणून अर्धा दिवस लाईनीत थांबले आणि काउंटरवरचा माणूस हसला, मागचे पण हसले. त्यानंतर पीएफचा फॉर्म, नॉमिनी, रूमचं अॅग्रीमेंट, सगळीकडे तेच, कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. सोळा वर्षं शिकून हे येत नसेल तर मी शिकले काय?

उत्तर: बाळा, आधी तुझं काम करू मग बाकीचं बोलू. आपल्या चेकबुकातला एक कोरा चेक घ्यायचा, त्यावर दोन तिरप्या रेघा मारायच्या, मधे मोठ्या अक्षरात कॅन्सल्ड लिहायचं, झालं. सही करायची नाही. कंपनीला त्या चेकवर छापलेला खातेनंबर आणि आयएफएससी कोड पाहिजे असतो, पगार बरोबर खात्यावर पडावा म्हणून, बाकी काही नाही. तो कोड ११ अक्षरांचा असतो, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, बरेच जण तिथं इंग्रजी ओ लिहितात आणि मग फॉर्म परत येतो. पीएफचं म्हणशील तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के तुझे कापतात आणि कंपनीपण तिचा वाटा घालते, त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो. तुला पीएफचा १२ आकडी यूएएन नंबर मिळेल तो जपून ठेव, कारण नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो, नव्या ठिकाणी नवीन काढायचा नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेच्या खात्यावर नॉमिनी असतो तो पैसे ताब्यात घेतो, पण हक्क वारसांचाच राहतो, हे घरात आईवडिलांनापण सांग, कारण कितीतरी घरांत भांडणं इथंच सुरू होतात.

रूमचं अॅग्रीमेंट नोटरीवर भागतं असं तुला सांगतील. भागत नाही. आपल्याकडं १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर झालेलाच पाहिजे, अगदी अकरा महिन्यांचा असला तरी, आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. डिपॉझिट किती, परत कधी, मधेच सोडलं तर किती दिवस आधी सांगायचं, या तीन ओळी सापडेपर्यंत वाचायचं आणि मगच सही. आत जायच्या दिवशी भिंती, नळ, मीटरचं रीडिंग सगळ्याचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेव.

आता ते शिकले काय. मी ३१ वर्षं गणित शिकवलं. आठवीला चक्रवाढ व्याज शिकवायचे, मुद्दल, दर, मुदत, सूत्र, पोरं पटापट करायची, पण एकाही वर्षी मी वर्गात कुणाचं कर्जाचं पुस्तक नेलं नाही, कुणाच्या बापाच्या सोसायटीचा उतारा फळ्यावर लिहिला नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. पुस्तकात काहीच नाही असं पण नाही हां, दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचा धडा आहे, त्यात जीएसटी आहे, शेअर्स आहेत. पण तो चार मार्काचा प्रश्न म्हणून येतो आणि चार मार्काचा प्रश्न म्हणून जातो, पोराच्या हातात एक खरं बिल कधी पडत नाही.

आणि हे आपल्या जिल्ह्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली आपल्या कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली, तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची आणि कामं स्वतःच्या हातानं करायची. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. रयतची कमवा आणि शिका योजना म्हणजे फीला पैसे नाहीत म्हणून केलेली सोय एवढंच आपण धरून बसलो, पण त्या पोरांना किती माणसांना किती पीठ लागतं, हिशोब कसा लिहायचा, भांडण झालं तर मिटवायचं कसं हे आपोआप यायचं ना, ते शिक्षणच होतं की. म्हणून तू कमी शिकलीस असं मनात आणू नकोस. काउंटरवर विचारताना लाज वाटली तर एकच वाक्य पाठ कर, "मी हे पहिल्यांदाच करतेय, सांगाल का." मी स्वतः साठीनंतर हे वाक्य वापरून डिमॅट खातं काढलं.

प्रश्न: बाई, मी तासगाव भागातला, दीड एकर द्राक्षबाग आहे. बालपणीचा मित्र ट्रॅक्टरसाठी कर्ज काढतोय, म्हणतोय जामीनदार म्हणून फक्त सही कर, फॉर्म्यालिटी आहे, बायको नको म्हणतीय. नाही म्हटलं तर मैत्री तुटतीय आणि हो म्हटलं तर घरात कटकट. काय करू?

उत्तर: दादा, वहिनींचं ऐका.

फॉर्म्यालिटी हा शब्द या कामात कुणी वापरला की तिथंच थांबायचं. १८७२ चा करार कायदा आहे, त्याच्या १२८ व्या कलमात सरळ लिहिलंय की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे लोकांना वाटतं तसं आधी त्याचा ट्रॅक्टर विकतील, मग त्याची जमीन, आणि अगदीच काही उरलं नाही तर मग आपल्याकडं येतील, असं बिलकुल नाही. हप्ते थकले की बँक पहिल्या दिवशी तुमच्या दारात येऊ शकते. आणि तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदीच्या रिपोर्टवर, ते कर्ज दिसतं, उद्या तुम्हाला बागेसाठी किंवा पोरीच्या शिक्षणासाठी कर्ज लागलं तर तिथं नडतं.

आमच्या घरात हे झालंय म्हणून एवढ्या जोरात सांगतेय. आमचे हे पण शिक्षक होते, एका सहकाऱ्याला पतसंस्थेत जामीन राहिले, चहा पिता पिता सही केली, मला संध्याकाळी सांगितलं. दोन वर्षांनी नोटीस आली. तो सहकारी वाईट माणूस नव्हता हो, घरात आजारपण निघालं आणि हप्ते थांबले, पण आमच्या पगारातून कपात सुरू झाली ती पुढं चौदा महिने, त्याच वर्षी मुलीची अॅडमिशन होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो माणूस आमच्या घरी यायचा बंद झाला, रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जायचा. म्हणजे मैत्री राहावी म्हणून सही केली आणि सहीनंच ती गेली.

नाही कसं म्हणायचं हे पण शिकावंच लागतं, आपल्याकडं ते उद्धटपणा वाटतं. कारणं सांगत बसू नका, कारण सांगितलं की समोरचा ते खोडून काढतो. "आमच्या घरात ठरलंय, जामीन कुणालाच राहायचं नाही, भावालापण नाही," एवढंच. आणि लगेच दुसरी मदत पुढं करा, म्हणजे त्याच्याबरोबर बसून कर्जाचा कागद वाचा. ही मदत सहीपेक्षा मोठी आहे. कारण व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर आहे, का घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर, हे कुणी विचारतच नाही. एक लाख रुपये, एक वर्ष, १२ टक्के, दोन्हीकडं तेच लिहिलेलं असतं. फ्लॅट असेल तर व्याज १२,००० आणि महिन्याचा हप्ता ९,३३३. घटत्या शिलकीवर हप्ता येतो साधारण ८,८८५ आणि वर्षाचं व्याज ६,६०० च्या आसपास. जवळजवळ निम्मं. दर एकच आणि खिशातून जाणारे पैसे वेगळे, म्हणून दर न विचारता एकूण किती फेडायचे ते विचारायचं. गावातला शेकडा तीनचा व्यवहार ऐकायला किती हलका वाटतो, पण ते महिन्याचे तीन असतात, वर्षाचे ३६ टक्के झाले.

एवढं सांगूनही सही करणारच असाल तर कागदाची पूर्ण प्रत घ्या, दर तीन महिन्यांनी त्याच्याकडून खात्याचा उतारा मागा आणि वर्षातून एकदा स्वतःचा सिबिल बघा, वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. एकदा सही झाली की आपल्या मनानं माघार घेता येत नाही, बँकेनं सोडलं तरच सुटका.

पतसंस्थेचा विषय निघालाच आहे तर ठेवीचं पण सांगते. बँकेत, मग ती सहकारी असली तरी, एका माणसाच्या ठेवीला व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या आधी तो एकच लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. अर्धा टक्का जास्त व्याज मिळतंय म्हणून रिटायरमेंटचे सगळे पैसे पतसंस्थेत ठेवणारे आपल्या सांगली-साताऱ्यात घराघरात आहेत, त्यांना हा फरक माहीत असावा एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न: मिरजेहून लिहितेय. मुलगा बारावीला आहे, जूननंतर बाहेरगावी शिकायला जाईल. साधा चहा येत नाही त्याला. मी काही शिकवायला गेले की सासूबाई म्हणतात पोराच्या जातीला कशाला चुलीपुढं उभं करतेस. तीन महिन्यांत नक्की काय शिकवू?

उत्तर: ताई, आपल्या साताऱ्याकडं घरटी फौजी असलेली गावं आहेत, तुमच्याही भावकीत कुणी फौजी असेल तर त्याला एकदा जेवायला बोलवा आणि सासूबाईंसमोर विचारा की बटण कोण लावतं, कपडे कोण धुतं, बिछाना कोण आवरतं. सासूबाईंना माझं सांगणं पटणार नाही, त्याचं पटेल.

स्वयंपाक फार नको, कुकरचा भात, आमटी, पिठलं, अंडी, चहा. पाचच. भाताला वाटीला दोन वाट्या पाणी, आणि वाफ पूर्ण बसल्याशिवाय झाकणाला हात नाही हे दहा वेळा. मात्र शिकवताना तुम्ही स्वयंपाकघरात थांबू नका, बाहेर जाऊन बसा, करपला भात तर करपू दे, तोच त्याला खाऊ दे.

पण त्याच्याआधी गॅस शिकवा. वास आला तर लाईटचं बटण चालू करायचं नाही आणि बंदपण करायचं नाही, हे माणसं विसरतात, घाईघाईत लाईट लावतात. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर, आणि १९०६ ला फोन. सिलेंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर ए, बी, सी, डी असं अक्षर आणि वर्ष असतं, ती तपासणीची मुदत, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून असं पुढं. मुदत उलटलेली टाकी परत करायची.

आणि जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हे कागदावर लिहून त्याच्या बॅगेत टाका. होस्टेलवर पहिल्या महिन्यात लागतंच.

प्रश्न: बाई, मी कोरेगाव तालुक्यातला, वय २२, बीएस्सी झालंय. वडील जाऊन दीड महिना झाला. जमीन वडील आणि काका दोघांच्या नावावर सामाईक आहे. काका म्हणतात नोंदीची घाई नको, मी बघतो सगळं, आणि बहिणीचं लग्न झालंय तर तिच्याकडून एक कागद सही करून घेऊ. आई रडत असते, आजी पण आहे. मला सातबारा वाचतासुद्धा येत नाही आणि काकांना विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. कुठून सुरू करू?

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दुःखात असताना कागद बघायला लागणं याच्यासारखं जड काही नाही, तरी तू विचारलंस हे फार बरं केलंस.

सुरुवात सातबाऱ्यापासूनच कर. ऑनलाईन डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकाच कागदावर. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर, किती, आणि इतर हक्कात कुणाचा बोजा आहे ते, बारामध्ये पीक. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, १०० आर म्हणजे एक हेक्टर, एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, ४० गुंठे एक एकर, एवढं लक्षात ठेवलं की वाचता येतं. मग आठ अ काढ, त्यात त्या गावातली तुमच्या खात्यावरची सगळी जमीन एकत्र दिसते, कधीकधी घरच्यांना माहीत नसलेला एखादा तुकडापण सापडतो. आणि फेरफार म्हणजे नमुना सहा, नाव कधी आणि कशामुळं बदललं ते त्यात. तीन-चार जुने फेरफार वाचलेस तर तुमच्या जमिनीचा पणजोबापासूनचा इतिहास कळेल.

आता घाईचं. १९६६ च्या महसूल कायद्यात वारसानं हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं आहे, तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. म्हणजे काकांना सांगायला तुझ्याकडं सरळ कारण आहे, "काका, तीन महिन्यांची मुदत आहे म्हणून अर्ज देतोय," यात अविश्वास कुठं आला. त्यांनाच बरोबर घेऊन जा की. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा आणि आठ अ घेऊन जायचं, किंवा ई-हक्क या सरकारी वेबसाइटवरून घरी बसून अर्ज करायचा. मग नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती आत्ताच काढ, बँक, विमा, सोसायटी, कारखान्याचा शेअर, प्रत्येक ठिकाणी मागतात. सोसायटीच्या सचिवांकडून वडिलांच्या नावावर बाकी किती आहे तेपण लेखी घे.

वारस कोण कोण, हे नीट वाच. आई, तू, बहीण आणि आजी. आजीचं नाव लोक हमखास विसरतात, पण हिंदू वारसा कायद्यात मेलेल्या माणसाची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा हक्क जात नाही, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच वाटा २००५ च्या दुरुस्तीनं दिलाय, आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये तर असंपण स्पष्ट केलं की त्यासाठी वडील २००५ ला हयात असायलाच पाहिजेत असं नाही.

तो "एक कागद" म्हणजे हक्कसोडपत्र. ते दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर करावं लागतं आणि एकदा झालं की तिचा हिस्सा गेला. तिला स्वतःहून द्यायचा असेल तर ती देईल, वर्षभरानं देईल, तिचा प्रश्न आहे. पण बाप जाऊन दीड महिना झालाय, माहेरी आली की डोळ्यात पाणी, अशा वेळी सही घेऊ नये रे. तू धाकटा असशील थोरला असशील, तू एकदा तिला फोन करून म्हण, "ताई, आत्ता कशावरच सही करू नकोस, आधी सगळ्यांची नावं लागू देत." काका चांगलेच असतील, मी त्यांना ओळखत नाही, पण सगळी नावं लागली की काकांवर पण उद्या कुणी बोट दाखवणार नाही, त्यांना हेच सांग.

प्रश्न: मी शिराळा तालुक्यातला, नववीत आहे. आमच्या चुलत भावाला शेतात साप चावला, तर घरच्यांनी आधी पायाला करकचून दोरी बांधली आणि एकाकडं मंत्र टाकायला नेलं, त्यात एक तास गेला. तो वाचला पण पाय लय दिवस सुजलेला होता. आमच्याकडं नागपंचमी एवढी मोठी असते पण साप चावल्यावर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. सांगाल का?

उत्तर: सांगते, आणि तू हे वर्गात उभं राहून सगळ्यांना सांग.

आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी, आणि सरकारी दवाखान्यात मिळणारं इंजेक्शन या चारींवर एकच असतं, म्हणून साप मारायची, पकडायची, शोधायची काही गरज नाही. माणसाला झोपवायचं, चालवायचं नाही. पायात पैंजण, हातात कडं, अंगठी असेल तर काढायची, कारण सूज येते. फांदी किंवा पट्टी लावून तो पाय हलणार नाही असा सैल बांधायचा. दोरी करकचून बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, दारू तर नाहीच. चावल्याची वेळ लिहून ठेवायची. मग १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दुखतपण नाही, सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी असं म्हणाला तर थांबायचं नाही.

मंत्राचं म्हणशील, तर साप चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून नरेंद्र दाभोलकरांनी कितीतरी वर्षं घालवली, ते साताऱ्याचे, डॉक्टर झाले ते तुमच्या जिल्ह्यातल्या मिरजेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि कायदा त्याच वर्षी डिसेंबरात झाला. घरच्या मोठ्यांना तू हे सांगताना आवाज चढवू नकोस, त्यांनी भीतीपोटी केलं, पोरगं वाचावं म्हणूनच केलं.

एक काम मात्र या आठवड्यातच कर. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचार की सर्पदंशाचं इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, आणि नसतील तर जवळचं कुठलं हॉस्पिटल. जे उत्तर मिळेल ते आणि फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटव, एक भावाच्या घरी पण.